गडाखालची दोन दुखणी

रायगडाला जायचं तर महाडच्या नातेखिंडीत मुंबई-गोवा महामार्ग सोडायचा. तिथून नाते, कोंझर करत रस्ता डोंगरात शिरतो आणि पाचाडला पोचतो. जिजाऊसाहेबांची समाधी इथे आहे, त्यांच्या वाड्याची जोती आणि तटाच्या भिंती इथे आहेत. उतारवयात गडावरचा वारा आणि गारठा सोसेना, म्हणून शिवाजी महाराजांनी आईसाठी पायथ्याला हा वाडा बांधला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊंनी पाचाडातच देह ठेवला. वृद्ध आईला निवांतपणा मिळावा म्हणून निवडलेलं हे गाव आहे, एवढं पुढचं वाचताना ध्यानात असू द्यावं.

आज पाचाड बऱ्याच अंशी गडाच्या वाटसरूंवर जगतं. भातशेती आहे, पण ती पावसावरची. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मागे राहिलेल्यांनी खाणावळी टाकल्या, घरातल्या खोल्या मुक्कामाला द्यायला सुरुवात केली, चित दरवाजापाशी ताक-सरबत मांडलं. १९९६ साली हिरकणीवाडीतून रोपवे सुरू झाला, तेव्हा पायऱ्या चढू न शकणारे लोकही येऊ लागले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात रायगड आहे. म्हणजे वर्दळ वाढतच जाणार.

या वर्दळीबरोबर गावाला दोन दुखणी जडली. एक कान फाडतं, दुसरं चाहूलही लागू देत नाही. पहिलं म्हणजे गाड्यांची हुल्लडबाजी आणि दुसरं म्हणजे मोबाइलवरून होणारी पैशांची फसवणूक. सरकारदरबारी यांची खाती वेगळी, कायदे वेगळे, हेल्पलाइन वेगळ्या. पण गडाखालून पाहिलं की ही दोन दुखणी एकमेकांना चिकटलेली दिसतात, आणि त्यांच्यावरचे सरकारी इलाज एकाच जागी अडखळतात.

आधी कानठळ्यांबद्दल.

६ जूनचा सोहळा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीप्रमाणे होणारा सोहळा, चैत्र पौर्णिमेची महाराजांची पुण्यतिथी, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीआधी ज्योत न्यायला येणारी मंडळं आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार. या दिवसांत येणारे बहुसंख्य लोक श्रद्धेने येतात. पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळी नेतात, पोराला खांद्यावर घेऊन चढतात, रात्रभर मशाल हातात धरून गावाकडे धावत निघतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात फक्त आदर आहे. तक्रार आहे ती त्यांच्या आडून घुसणाऱ्या टोळक्यांबद्दल. एका बुलेटवर तिघं, हेल्मेट एकालाही नाही, मूळ सायलेन्सर काढून दुसराच बसवलेला. धावत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली, की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात शिरून पेटतं आणि बार निघतो. रात्री दीड-दोनला, वस्तीतून जाताना, समाधीपासून हाकेच्या अंतरावर हे चालतं. घरात दमेकरी म्हातारं असतं, दहावीचं पोर असतं, गोठ्यात व्यायला टेकलेली म्हैस असते. आणि एवढं करून तोंडी घोषणा असते ती महाराजांच्या नावाची.

याच महाराजांचं एक पत्र उपलब्ध आहे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे घोडदळाची छावणी होती, तिथल्या अंमलदारांना ते लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा बेताने वापरा, रयतेच्या घरून काही उचलू नका, रात्री दिवे-चुली सांभाळा म्हणजे गवताच्या गंजीला आग लागणार नाही, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. रयतेला तोशीस दिलीत तर तिला मोगल बरे वाटू लागतील, असा इशाराही आहे. स्वतःच्या फौजेने कोकणातल्या गावकऱ्याला त्रास देऊ नये म्हणून जो राजा दिव्याच्या वातीपर्यंत विचार करत होता, त्याच्या राजधानीच्या पायथ्याशी गावकऱ्याची झोप उडवायची आणि त्याला शिवभक्ती म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

पावसाळ्यात हाच प्रकार घाटांत सरकतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट आणि महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट. ऐन वळणावर गाडी उभी करायची, चारही दारं उघडून गाणी लावायची, धबधब्याखाली नाचायचं. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाला ती गाडी दिसते ती वळण घेतल्यावर, आणि एका बाजूला दरी. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत कोसळली. तीस माणसं गेली, एकच वाचला. त्या अपघाताशी हुल्लडबाजीचा संबंध नव्हता. पण हा घाट चुकीला माफी देत नाही, हे पोलादपूरच्या माणसाला तेव्हापासून कोणी सांगावं लागत नाही. त्याला ते आधीही ठाऊक होतं.

कायद्यात कमतरता आहे, असं म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि तिच्यातल्या वाढीव दंडांची अंमलबजावणी महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. कंपनीने दिलेल्या रचनेत मालकाने बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराची मर्यादा ओलांडली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने परवान्याला मुकावं लागतं. रस्त्यावर शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. सगळ्यात कडक तरतूद अल्पवयीन चालकाबद्दल आहे. मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला लगोलग जामीन मिळाला. सारा महाराष्ट्र पेटून उठला तेव्हा कुठे ही कलमं घरोघरी माहीत झाली.

अडचण अंमलात आहे. पोलीस शहरांमधून मोहिमा काढतात, जप्त केलेले शेकडो सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवतात, त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. ते चांगलंच आहे. पण पाचाडसारख्या ठिकाणी, सणाचे दिवस सोडले तर, कारवाई म्हणजे मुख्यतः ई-चलन. २०१९ पासून राज्यात ‘एक राज्य, एक चलन’ ही पद्धत आली. यंत्रात गाडीचा नंबर जातो, नोंदणीतल्या मोबाइलवर संदेश जातो, दंड पुढे कधीतरी भरला जातो किंवा भरला जातच नाही. या थकबाकीचा आकडा दोन हजार कोटींच्या पुढे गेल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी वाहतूकदार ई-चलनाच्या जाचाविरुद्ध संपावर गेले, आणि पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून सवडीने चलन करू नये, असा आदेश वरिष्ठांना काढावा लागला. भरणाराही नाराज आणि न भरणाऱ्याला धाक नाही, अशी ही अवस्था आहे. पाचाडच्या दृष्टीने खरी गोष्ट अशी की रात्री दोनला बार काढणाऱ्याला चलनाचा संदेश पोचतो तेव्हा तो आपल्या गावी झोपलेला असतो. बऱ्याचदा तो त्याला पोचतही नाही, कारण गाडी चुलत्याच्या नावावर असते, मोबाइल नंबर जुना असतो, किंवा नंबरप्लेटच वाचता येत नाही.

नंबरप्लेटपाशी जरा थांबू, कारण दोन्ही दुखण्यांची गाठ तिथे आहे. ४१४१ हे आकडे वाकवून ‘दादा’ लिहायचं, ८०५५ चं इंग्रजी ‘बॉस’ करायचं, २१४ चा ‘राम’ करायचा. ही हौस महाराष्ट्रभर आहे. हौसेपुढची पायरी म्हणजे प्लेट वर दुमडून ठेवणं, एखाद्या आकड्यावर चिखल फासणं, दुसऱ्याच्याच गाडीचा नंबर लावणं. नंबर नसला की माणसाला नाव उरत नाही, आणि ज्याला नाव नाही त्याला लाजही वाटत नाही. गावातला पोरगा गावात असा वागत नाही. तिसऱ्या घरची काकू ‘अरे, कुणाचा रे तू?’ असं विचारील, ही त्याला धास्ती असते.

यावरचा सरकारी उपाय म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी. ती अॅल्युमिनियमची असते. तिच्यावर क्रोमियमचा होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो, आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघणार नाही असं कुलूप असतं. नियम २००१ सालीच झाला होता. सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं प्रकरणं चालली आणि अखेर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती विकतानाच बसवून मिळू लागली. राहिल्या त्याआधीच्या गाड्या. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती, मग एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर अशी ती पुढे ढकलत गेली. दुचाकीला ४५० रुपये अधिक कर, म्हणजे ५३१. नोंदणी ऑनलाइन, पैसेही ऑनलाइन.

आणि इथेच भामट्यांना वाट सापडली. लाखो लोकांना एकाच वेळी, मुदतीच्या धाकाखाली, अनोळखी संकेतस्थळावर जाऊन पैसे भरायचे आहेत, ही बातमी त्यांच्यासाठी पर्वणी होती. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं निघाली, इंटरनेटवर शोधलं की तीच वर दिसू लागली. लोकांनी गाडीचा नंबर भरला, पैसे भरले, पावती मिळाली. पाटी मात्र आली नाही. परिवहन खात्याला सायबर पोलिसांकडे तक्रार करावी लागली. निनावी गाड्यांना नाव देण्यासाठी काढलेल्या योजनेत निनावी माणसांनीच हात मारून घेतला.

याहून वाईट प्रकार चलनाचा. व्हॉट्सअॅपवर संदेश येतो. वर परिवहन खात्याचं बोधचिन्ह, खाली तुमच्या गाडीने नियम मोडल्याची तारीख, चलन क्रमांक, दंडाची रक्कम, कधी कधी तुमच्या गाडीचा खराखुरा नंबर. सोबत एक फाइल, ‘आरटीओ चलन’ नावाची आणि शेवटी ‘एपीके’ असलेली. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोटोही नव्हे. ते फोनमध्ये बसणारं अॅप असतं. बोट लावलं की फोन एकदा इशारा देतो, की हे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे. चलनाच्या भीतीने घाबरलेला माणूस ‘हो’ दाबतो. मग ते परवानग्या मागतं. संदेश वाचू का? हो. फोन करू का? हो. यादीतले नंबर पाहू का? हो. त्यानंतर पडद्यावरून त्याचं चिन्हही नाहीसं होतं. ते आत बसून बँकेचे ओटीपी वाचतं आणि परस्पर पुढे पाठवतं. आपल्याकडे संदेश आल्याचंही कळत नाही. काही अॅप तर हीच फाइल तुमच्या व्हॉट्सअॅपवरून तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना धाडतात. म्हणून ती येते भावाकडून, सरपंचाकडून, शाळेच्या गटावरून. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने २०२४ मध्ये अशा एका टोळीचा माग काढला तेव्हा ती व्हिएतनामची निघाली. चार हजार चारशेहून अधिक फोन तिने पोखरले होते.

खरं चलन तपासायची रीत सोपी आहे. आलेल्या दुव्याला हात लावायचा नाही. आपण होऊन राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर जायचं. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते पाहायचं. महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन असेल तर फोटोसकट दिसतं. सरकार कधीही एपीके पाठवत नाही. पाचाड-सांदोशीकडच्या प्रत्येक दुकानाच्या फळीवर ही चार वाक्यं खडूने लिहायला हवीत.

पण फसणाऱ्याला दोष देण्याआधी मला सरकारला एक विचारायचं आहे. खरं चलन कसं येतं? मोबाइलवर, अनोळखी नावाने, धाकाच्या भाषेत, एका दुव्यासकट. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली तीही ऑनलाइन, मुदतीसह. तिच्या नावाने खोटी संकेतस्थळं निघाली आणि सावध राहा, असं आवाहन सरकारला करावं लागलं. पाटीचं तेच. त्या योजनेच्या दरमहा दीड हजारांवर ज्या बाईचं तेल-मीठ चालतं तिने खरा संदेश आणि खोटा संदेश वेगळा ओळखावा तरी कसा? दोघंही त्याच चार बोटांच्या पडद्यावरून बोलतात, दोघांनाही घाई असते, दोघंही ‘नाहीतर’ म्हणून घाबरवतात. गावातला तलाठी, एसटीचा कंडक्टर, पोस्टमन यांच्या तोंडून जे सरकार पूर्वी बोलायचं त्याला चेहरा होता. आताच्या सरकारने चेहरा काढून टाकला, आणि त्या रिकाम्या जागेत भामटा येऊन बसला.

खाणावळवाल्यांची फसवणूक वेगळ्या वाटेने होते. राज्यभरच्या हॉटेलवाल्यांना ठाऊक असलेली ही क्लृप्ती आहे. फोन साधारण असा येतो: ‘मॅडम, हम आर्मी से बोल रहे हैं. परवा आमचे तीस जवान रायगड बघायला येणार. पिठलं-भाकरी, भात, ताक, सगळ्यांचं जेवण तयार ठेवा.’ बाई हिशेब सांगते. तो घासाघीस करत नाही, शंका तिथेच यायला हवी. मग म्हणतो, आगाऊ पैसे पाठवतो, पण फौजेची पद्धत वेगळी आहे. व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येतं, पाठोपाठ एक क्यूआर कोड येतो. ‘हे स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा.’ मुंबईतला मुलगा फोन उचलत नाही, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि फौजीवर अविश्वास दाखवायचा कसा? त्यातही महाड-पोलादपूरकडे. या मुलखातली पोरं पिढ्यान् पिढ्या सैन्यात गेली आहेत. बाई पिन टाकते आणि पैसे यायच्या ऐवजी जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो लागतो फक्त द्यायला. एवढी एक गोष्ट कळली असती तर तिचे पैसे वाचले असते. पण ती तिला कोणी समोर बसून सांगितलेली नसते. फोन लावल्यावर कानावर पडणारी रेकॉर्ड केलेली सूचना कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

आता सरकारने काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय गृहखात्याने पैशांच्या सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी देशव्यापी यंत्रणा उभी केली. १९३० हा तिचा फोन क्रमांक. फोन केला की पलीकडचा पोलीस व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, बँक विचारतो आणि माहिती त्याच वेळी संबंधित बँकांकडे जाते. तुमचे पैसे भामट्याच्या पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात पळवले जात असतात. ते ज्या खात्यात सापडतील तिथे गोठवायचे, अशी ही शर्यत आहे. पहिल्या तासाभरात फोन गेला तर हाती काही लागण्याची आशा असते. संध्याकाळ झाली की पैसे एटीएममधून निघालेले असतात, नाहीतर परदेशी पोचलेले असतात. गृहखात्याने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी अशा फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षीचा आकडा होता ७,४६५ कोटी. या यंत्रणेने सुरुवातीपासून वाचवलेली रक्कम जुलै २०२५ पर्यंत साडेपाच हजार कोटींच्या आसपास होती.

राज्याने नवी मुंबईत महापे इथे ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प उभारला, १९४५ हा आपला हेल्पलाइन क्रमांक दिला. पैसे पाठवताना समोर बँकेतलं खरं नावच दिसावं, भामट्याने स्वतःला दिलेलं ‘आर्मी कँटीन’सारखं नाव दिसू नये, हा नियम ३० जून २०२५ पासून यूपीआयला लागू झाला. अनोळखी माणसाने पैशांची मागणी धाडायची आणि आपण चुकून मान्य करायची, ती व्यक्ती-व्यक्तींमधली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. हे दोन्ही निर्णय मला फार मोलाचे वाटतात. त्यांनी लोकांना उपदेश केला नाही, रस्त्यातला खड्डाच बुजवला. यूपीआय सुरू झालं २०१६ मध्ये. हे आधी सुचलं असतं तर किती घरं वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम मात्र इथे तोकडा पडतो. तुमची चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमचा नाही, असं तो सांगतो. पण पिन तुम्ही स्वतः टाकला असेल, तर बँक बोट तुमच्याकडे दाखवते. खाणावळवाल्या बाईने पिन स्वतःच टाकलेला असतो.

आणि मग अंतर. जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं अलिबागला, परिवहन कार्यालय पेणला. पाचाडहून दोन्हीकडे जायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढे, एसटी बदलत, खाणावळ बंद ठेवून, दिवस मोडून. पाटीचे ५३१ रुपये बुडाले तर कोण जाईल? सहा हजार बुडाले तरी दोनदा विचार करावा लागतो. तक्रार ऑनलाइन करता येते, हे खरं. पण जिला ऑनलाइन व्यवहारात फसवलं, तिला न्यायासाठीही ऑनलाइनच पाठवायचं, यात काहीतरी चुकतंय. छोट्या रकमांच्या तक्रारी होतच नाहीत, आणि भामट्यांचा धंदा त्या न झालेल्या तक्रारींवर चालतो. वर लाज असतेच. घरी कळलं तर मुलगा ओरडेल, म्हणून कित्येक आया गप्प बसतात.

या साखळीची दुसरी कडीही आपल्याच मुलखात आहे, ती लपवून चालणार नाही. लुटलेले पैसे फिरवायला खाती लागतात, आणि ती भाड्याने मिळतात. औद्योगिक वसाहतींत, महाविद्यालयांच्या आवारांत, काम शोधणाऱ्या पोराला कोणीतरी गाठतं. ‘खातं उघड, पासबुक, कार्ड आणि सिम मला दे, महिन्याला चार-पाच हजार घे.’ पोराला वाटतं, आपण कुठे चोरी केली? महिन्याभरात त्या खात्यातून लाखो रुपये वाहून जातात आणि दाराशी पोलीस येतात ते परराज्यातले. खातं ज्याच्या नावावर, गुन्ह्यात पहिला तोच. तो आपली नावाची पाटी दुसऱ्याच्या गाडीला लावून बसलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या संस्थेने अशी खाती हुडकणारी संगणक प्रणाली बनवली आहे, डिसेंबर २०२४ मध्ये तिची घोषणाही झाली. पण महाडच्या चहाच्या टपरीवर चाललेला तो सौदा थांबवायला तिथे बसणारं कोणी ओळखीचंच माणूस लागेल.

माझं सगळं म्हणणं या ओळखीच्या माणसाशी येऊन ठेपतं, आणि सुदैवाने तो माणूस कायद्यात आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ चा. त्याखाली गावासाठी पोलीस पाटील नेमला जातो. तो गावचाच असतो, त्याचं दार रात्री ठोठावता येतं. गावातल्या गुन्ह्याची खबर वर पोचवणं हे त्याचं कर्तव्य आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्याचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार केलं, हे योग्यच झालं. आता त्याच्या हाती कामाची साधनं द्यायला हवीत. फसलेल्या बाईने त्याच्याकडे यावं, त्याने तिच्यासमोर तिच्याच फोनवरून १९३० लावावा, व्यवहाराचा क्रमांक शोधून द्यावा, तक्रारीची पोच लिहून घ्यावी. या कामासाठी त्याला एक दिवसाचं नीट प्रशिक्षण पुरेल. सायबर पोलिसांनी महिन्यातून एक दिवस महाडला बसावं आणि अशा पोचपावत्यांचा पाठपुरावा तिथेच करावा. सरकारनेही एक शपथ घ्यावी: कोणत्याही खात्याच्या संदेशात यापुढे दुवा असणार नाही. चलन असो, पाटी असो, केवायसी असो, फक्त एवढंच लिहावं की ‘खात्याच्या संकेतस्थळावर किंवा गावच्या सेवा केंद्रात जाऊन तपासा’. मग दुवा आला म्हणजे खोटा, असं अडाणी माणसालाही सांगता येईल.

गाड्यांच्या बाबतीतही माणूस उभा राहिला की फरक पडतो, हे रायगडाने पाहिलेलं आहे. ७ जुलै २०२४ ला गडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला, पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे कोसळले, पर्यटक अडकले. त्यानंतर प्रशासनाने गड बंद केला आणि चित दरवाजा, नाणे दरवाजाकडे पोलीस बसवले. तेव्हा कोणाला मोबाइलवर संदेश पाठवून भागलं नाही, वाटेवर माणूसच उभा करावा लागला. ६ जूनलाही कोंझर, पाचाडच्या वाहनतळांवर गाड्या उभ्या करून पुढे बसने नेतात, आणि तेवढे दोन दिवस वस्तीतला गोंधळ बराच आवरतो.

मग वर्षातल्या बाकीच्या गर्दीच्या रात्रींसाठी नातेखिंडीत कायमचं तपासणी नाकं का नसावं? रायगडाकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या तिथूनच वळतात. आवाज मोजायचं यंत्र, परवाना पाहणारा एक पोलीस, परिवहन खात्याचा एक निरीक्षक आणि एक पाना. बदललेला सायलेन्सर तिथेच उतरवून घ्यायचा, गाडी तिथेच ठेवायची, मालकाला मूळ सायलेन्सर घेऊन बोलवायचं. वाहन ताब्यात घ्यायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. अल्पवयीन पोरगा सापडला तर पालकांना फोन करून नातेखिंडीत यायला लावायचं, मग ते साताऱ्याहून येवोत की ठाण्याहून. पंधरा दिवसांनी येणाऱ्या चलनापेक्षा अर्ध्या रात्री गडाच्या वाटेवर पायी उभं राहावं लागण्याची बातमी मित्रांत लवकर पसरते. नाक्यावरच्या फलकावर १९३० हा आकडाही मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि त्याखाली लिहावं की पैसे घ्यायला पिन लागत नाही. रायगड विकास प्राधिकरण, ग्रामपंचायत, पोलीस आणि परिवहन खातं यांनी एकत्र बसून ठरवलं तर येत्या १९ फेब्रुवारीच्या आधी हे उभं राहू शकतं.